चिनी मुखपरीक्षा

इ. स. पू. ६२६ मधील गोष्ट. चीनच्या पूर्वेकडील लू या लहानशा राज्याचा राजा वारला होता आणि त्याच्या उत्तरक्रियेसाठीं चौ सम्राटाच्या दरबारांतून एक इतिहासलेखक तेथें आला होता. चेहऱ्यावरून माणसाचें भविष्य सांगण्यांत त्याचा हातखंडा आहे, अशी त्याची ख्याति होती. लू येथील एका सरदारानें ही संधि साधली व आपले दोन्ही मुलगे पाहुण्यापुढें उभे केले. पाहुण्यानें दोघांना न्याहाळून सांगितलें कीं, थोरला तुम्हांला अन्न घालील व धाकटा तुम्हांला मूठमाती देईल; थोरल्याचा चेहरा खालच्या बाजूस भरदार आहे, तेव्हां त्याचा वंश या देशांत टिकून राहील.

बापाच्या मनांत काय होतें, तें या उत्तरावरूनच उघड होतें. म्हातारपणीं आपल्याला कोण सांभाळील आणि मेल्यावर कोण मातींत घालील, याची त्याला विवंचना होती. पुढें हा सरदार एका स्त्रीच्या नादानें देश सोडून गेला व परमुलखांतच वारला. त्याचें शव मायदेशीं आणून पुरण्याची खटपट धाकट्या मुलालाच करावी लागली. ‘त्सो चुआन’ या बखरींत ही हकीकत आहे. अर्थात् ती बखर लिहिली गेली ती हें सर्व घडून गेल्यावर कित्येक पिढ्यांनीं. आणि चिनी मुखपरीक्षेच्या बहुतेक कथा अशा, शेवट ठाऊक असलेल्या लोकांनींच लिहून ठेवलेल्या आहेत, हें ध्यानांत ठेवून पुढें गेलेलें बरें.

त्याच वर्षांतील दुसरी हकीकत याहून भयंकर आहे. दक्षिणेकडील चू देशाच्या राजाला आपला मुलगा शांग-चेन याला युवराज करावयाचें होतें. प्रधानानें विरोध केला. मुलाचे डोळे गांधीलमाशीसारखे व आवाज कोल्ह्यालांडग्यासारखा आहे, हा निर्दय निपजेल, असें त्याचें म्हणणें होतें. राजानें ऐकलें नाहीं. पुढें त्याचाच विचार फिरला व तो दुसऱ्या मुलाला गादी देऊं लागला, तेव्हां शांग-चेननें राजवाड्याला वेढा दिला. मरण्यापूर्वीं अस्वलाच्या पंजाचें मांस खाण्याची इच्छा बापानें प्रकट केली. तें शिजावयास फार वेळ लागतो. मुलानें तेवढी सवड दिली नाहीं आणि राजाला गळफास लावून घ्यावा लागला.

या दोन हकीकती शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे चिनी लोकांनीं मुखपरीक्षेला इतकें महत्त्व कां दिलें, तें समजतें. ही केवळ रिकामटेकड्यांची करमणूक नव्हती. मुलगा निवडावयाचा, जांवई निवडावयाचा, सेनापति निवडावयाचा, तर हाताशीं साधन कोणतें? वंश पाहावा, लोकवार्ता ऐकावी आणि चेहरा पाहावा. लेखी परीक्षा घेऊन माणसें निवडण्याची पद्धत रूढ होण्यास अजून हजारावर वर्षें अवकाश होता.

हान वंशाच्या इतिहासांत राजग्रंथालयांतील पुस्तकांची यादी दिलेली आहे. तींत ‘माणसांची परीक्षा’ या विषयावरील २४ प्रकरणांचा ग्रंथ नमूद आहे. त्याच वर्गांत तरवारींच्या परीक्षेवर २० प्रकरणांचा व पाळीव जनावरांच्या परीक्षेवर ३८ प्रकरणांचा ग्रंथ आहे. माणूस, तरवार आणि जनावर एकाच फळीवर! यांत कोणाला मनुष्यजातीचा अपमान वाटेल. पण तो हेतु नव्हता. जातिवंत घोडा जाणकाराला बघतांक्षणीं ओळखूं येतो, मग जातिवंत माणूस कां येऊं नये, असा तो सरळ विचार होता. १९७३ सालीं हुनान प्रांतांतील मावांगत्वी येथें इ. स. पू. १६८ मध्यें बंद केलेल्या एका थडग्यांत रेशमी वस्त्रावर लिहिलेला अश्वपरीक्षेचा ग्रंथ सांपडला. त्याच थडग्यांत रेशमावर काढलेले नकाशेहि मिळाले. त्यांत दक्षिण दिशा वरच्या अंगास आहे.

मुखपरीक्षेचा गाभा म्हणजे असाच एक नकाशा होय. चिनी सम्राट दरबारांत दक्षिणेकडे तोंड करून बसे. मुखपरीक्षकानें प्रत्येक माणसाला, मग तो हमाल कां असेना, मनांतल्या मनांत तसेंच दक्षिणाभिमुख बसविलें. मग त्याचा डावा गाल पूर्वेला आला, उजवा पश्चिमेला. कपाळ वर म्हणून दक्षिण आणि हनुवटी खालीं म्हणून उत्तर. चीनमध्यें पांच पर्वत पवित्र मानलेले आहेत. त्यांतील पूर्वेचा थाय-शान डाव्या गालाच्या हाडावर बसला, पश्चिमेचा ह्वा-शान उजव्या गालाच्या हाडावर, मधला सुंग-शान नाकावर, दक्षिणेचा हंग-शान कपाळावर आणि उत्तरेचा पर्वत हनुवटीवर. पांचहि पर्वतांनीं एकमेकांकडे झुकून असावें, म्हणजे चेहऱ्याला तोल येतो. गाल बसलेले, कपाळ व हनुवटी मागें सरलेली आणि नाक तेवढें ताठ उभें, अशा चेहऱ्याला ते ‘एकटें शिखर’ म्हणत. असा माणूस स्वत: कर्तबगार असला, तरी त्याला पाठीराखा मिळावयाचा नाहीं, असा त्याचा अर्थ.

पर्वतांमागून नद्या आल्या. कान म्हणजे यांगत्से, डोळे म्हणजे पीत नदी, तोंड म्हणजे ह्वाय आणि नाक म्हणजे ची. नदी खोल असावी, तिचे कांठ भक्कम असावे, पाणी भलतीकडे झिरपूं नये. नाक हें द्रव्याचें स्थान; म्हणून ज्याच्या नाकपुड्या समोरून उघड्या दिसतात, त्याच्या हातीं पैसा टिकत नाहीं. हा ठोकताळा किती खरा असेल तो असो, पण एकदां नाकाला नदी म्हटल्यावर तो निघणें अपरिहार्यच होतें. यांतील ची नदी आतां चीनच्या भूमीवर उरलेली नाहीं. १८५५ सालीं पीत नदीनें आपला मार्ग बदलला आणि ची नदीचें जुनें पात्र बळकावलें. मुखपरीक्षकांच्या नकाशांत मात्र ती अजून डोळ्यांच्या मधून खालीं वाहत आहे.

नकाशा झाल्यावर काळ. चेहऱ्याचे आडवे तीन भाग करतात. केसांच्या मुळापासून भिवयांपर्यंत पहिला, भिवयांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत दुसरा आणि तेथून हनुवटीपर्यंत तिसरा. पहिल्यावरून बाळपण व तारुण्य, दुसऱ्यावरून प्रौढ वय आणि तिसऱ्यावरून वार्धक्य पाहावयाचें. लू येथील सरदारपुत्राचा चेहरा खालीं भरदार होता, याचा अर्थ आतां अधिक उकलतो. पुढील काळांतील ग्रंथकारांनीं ही वांटणी इतकी बारीक केली कीं, प्रत्येक वर्षाला चेहऱ्यावर एकेक जागा मिळाली. पहिल्या चौदा वर्षांचें बरेंवाईट कानांवर, तिसाव्या वर्षापर्यंतचें कपाळावर, पस्तीस ते चाळीस डोळ्यांत, एकेचाळीस ते पन्नास नाक व त्याच्या आजूबाजूस, एकावन्नावें वर्ष नाकाखालच्या पन्हळींत, साठावें तोंडावर आणि एकाहत्तरावें हनुवटीवर. पुरुषाचा डावा कान आधीं वाचावयाचा, तर स्त्रीचा उजवा.

मग कारभारी. भिवया, डोळे, कान, नाक व तोंड हे पांच अंमलदार समजले जात. भिवई आयुष्याची राखणदार, डोळा देखरेख करणारा, कान बातम्या गोळा करणारा, नाक पारख करणारें आणि तोंड हें जमाखर्चाचें खातें. कारण अन्न आंत येतें तें तेथूनच आणि शब्द बाहेर जातात तेहि तेथूनच. चीनसारख्या कारकुनी राज्यालाच ही कल्पना सुचावी! चिनी भाषेंत नाकडोळ्यांना मिळून आजहि ‘पांच अंमलदार’ असेंच म्हणतात. १९२८ सालीं नानकिंगच्या सरकारनें ज्योतिषी, शकुनी व मुखपरीक्षक यांचा धंदा बंद करण्याचे नियम काढले, आणि १९४९ नंतरच्या राजवटीनेंहि त्याला अंधश्रद्धाच ठरविलें. तरी हा शब्द कायम राहिला, आणि हाँगकाँगमधील वाँग ताइ सिन देवळालगतच्या गाळ्यांतून तो धंदाहि चालू आहे.

हाडांची ठेवण जन्माची असते. रंग मात्र बदलतो. म्हणून चेहऱ्यावरील हिरवट, तांबूस, पिवळट, पांढुरकी व काळसर छटा पाहणें ही विद्येची वरची पायरी मानली जाई. ती छटा पहाटेच्या वेळीं, कामाधामानें व खाण्यापिण्यानें रक्त ढवळण्यापूर्वीं पाहावी, असा दंडक होता. येथें मुखपरीक्षक वैद्याच्या अगदीं शेजारीं येऊन बसतो. चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथांतहि चेहऱ्याचे असेच विभाग पाडून त्यांवरील रंगावरून आंतील रोग ओळखण्यास सांगितलें आहे, आणि या सर्व प्रपंचांत खरोखर उपयोगी पडलेला भाग कोणता असेल तर तो हाच.

परंतु लोकांच्या मनावर पगडा बसला तो नकाशाचा नव्हे, गोष्टींचा. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध गोष्ट श्यू फू नांवाच्या परीक्षक बाईची. तिनें चौ याफू नांवाच्या एका सरदारपुत्राला सांगितलें कीं, तूं तीन वर्षांनीं जहागीरदार होशील, त्यानंतर आठ वर्षांनीं सेनापति व प्रधान होशील आणि त्यापुढें नऊ वर्षांनीं उपासमारीनें मरशील. चौ याफू हंसला. जहागीर थोरल्या भावाकडे होती. आणि प्रधान झालेला माणूस उपाशी कसा मरेल? बाईनें त्याच्या तोंडाकडे बोट केलें. नाकाच्या बाजूनें उतरलेल्या रेषा ओठांच्या कडेनें बाहेर न जातां तोंडांत शिरल्या होत्या. पुढें भाऊ अपराधी ठरला व जहागीर याला मिळाली. इ. स. पू. १५४ मध्यें सात मांडलिक राजांचें बंड यानेंच मोडलें व तो प्रधान झाला. नंतर सम्राटाची मर्जी फिरली. मुलानें बापाच्या थडग्यांत ठेवण्यासाठीं ५०० चिलखतें विकत घेतलीं, तेवढ्यावरून राजद्रोहाचा आरोप आला. चिलखतें थडग्यासाठीं आहेत, असें त्यानें सांगितलें, तेव्हां चौकशी करणारा अधिकारी म्हणाला कीं, मग तुझा बेत पाताळांत बंड करण्याचा असेल. चौ याफूनें तुरुंगांत पांच दिवस अन्न घेतलें नाहीं व रक्त ओकून तो मेला. इ. स. पू. १४३.

त्याच काळांत तंग तुंग नांवाचा एक नावाडी सम्राट वेन याचा फार लाडका झाला. हाहि उपासमारीनें मरेल, असें एका परीक्षकानें सांगितलें. सम्राटाला राग आला. याला श्रीमंत करणें माझ्या हातांत आहे, मग तो भिकारी कसा होईल, असें म्हणून त्यानें तंग तुंगला एक तांब्याचा डोंगरच बहाल केला आणि नाणीं पाडण्याची मोकळीक दिली. तंग तुंगचीं नाणीं देशभर चालूं लागलीं. सम्राट वारला. नव्या सम्राटाचा त्याच्यावर जुना राग होता. त्यानें सर्व जप्त केलें. ज्याच्या नाण्यांवर बाजार चालत होते, तो स्वत:च्या नांवावर एक पैसाहि नसतांना परक्याच्या घरीं मेला. सुमा चिएन या थोर इतिहासकारानें ही हकीकत दिली आहे. ती वाचून मुखपरीक्षेपेक्षां राजकृपेविषयींच अधिक कांहीं कळतें, असें कोणी म्हटलें तर तें चुकीचें होणार नाहीं.

या विद्येला विरोध झाला नाहीं असें नाहीं. इ. स. पू. तिसऱ्या शतकांतील तत्त्ववेत्ता शुन्-त्झ यानें तिच्यावर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिलें. त्याचा युक्तिवाद एखाद्या कडक पंतोजीसारखा आहे. पुराणकाळचा साधु राजा याओ उंच होता, तितकाच साधु शून ठेंगणा. इकडे जुलमी राजे म्हणून ज्यांचीं नांवें लोकांच्या तोंडीं आहेत, ते च्ये व चौ मात्र धिप्पाड व देखणे. तेव्हां चेहरा पाहण्यापेक्षां मन पाहावें, आणि मन पाहण्यापेक्षांहि माणसानें कोणता मार्ग धरला आहे तें पाहावें. कन्फ्यूशियसची गोष्ट याहून गंमतीची आहे. एकदां तो शिष्यांपासून चुकला व एका नगराच्या वेशीपाशीं उभा राहिला. त्याचें कपाळ, मान व खांदे जुन्या थोर पुरुषांसारखे असले, तरी एकंदर अवतार सुतकाच्या घरांतील बेवारशी कुत्र्यासारखा आहे, असें कोणा गांवकऱ्यानें वर्णन केलें. शिष्यानें तें जसेंच्या तसें सांगितलें. गुरु हंसला व म्हणाला कीं, कपाळामानेचें राहूं द्या, कुत्र्याचें मात्र बरोबर आहे.

तरी विद्या टिकली. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील वांग चुंग हा भुताखेतांची टर उडविणारा माणूस. पण माणसाचें नशीब हाडांत लिहिलेलें असतें, हें त्यानेंहि मान्य केलें. पुढें बौद्ध भिक्षूंबरोबर महापुरुषाचीं बत्तीस लक्षणें भारतांतून चीनमध्यें गेलीं, तेव्हां या विद्येला एक लांबचा भाऊबंद भेटला. आपल्याकडील सामुद्रिकांत ज्याला आजानुबाहु म्हणतात, तसेच गुडघ्याखालीं पोंचणारे हात तिसऱ्या शतकांतील राजा ल्यू पै याला होते, असें चिनी इतिहासांत लिहिलें आहे. हें वर्णन बौद्ध ग्रंथांवरून आलें असावें, असें चिनी पंडित चेन यिन-को यानें १९३० च्या सुमारास दाखविलें.

बौद्धांच्या कर्मविचारानें या विद्येला एक पळवाटहि दिली. चांगल्या कृत्यानें चेहरा बदलतो! थांग काळांतील पै तू हा तरुणपणीं दरिद्री असतांना, तुझा शेवट उपासमारींत होईल, असें त्याला एका परीक्षकानें सांगितलें. पुढें एका देवळांत त्याला मौल्यवान् कमरपट्टे सांपडले. ते एका बाईनें तुरुंगांतील बापाला सोडविण्यासाठीं मिळविले होते. ती येईपर्यंत तो वाट पाहत राहिला व त्यानें ते तिला परत दिले. त्यानंतर तोच परीक्षक भेटला आणि तुझा चेहरा पार पालटला आहे, असें म्हणाला. पै तू पुढें प्रधान झाला. येथें विद्येनें स्वत:चेंच मूळ तोडलें आहे, हें उघड आहे. कारण कृति चेहऱ्याला बदलीत असेल, तर चेहरा पाहण्यापेक्षां कृति पाहिलेली काय वाईट? परंतु हा प्रश्न ग्राहकानेंहि विचारला नाहीं व परीक्षकानेंहि काढला नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर मिंग काळांत, फार महाग किंमतीला, मिळालें. चौदाव्या शतकाच्या शेवटीं युआन कुंग नांवाचा एक विलक्षण परीक्षक होऊन गेला. त्याचा अभ्यास असा : प्रथम सूर्याकडे डोळे दिपेपर्यंत पाहावयाचें, मग अंधाऱ्या खोलींत तांबडे व काळे दाणे वेगळे करावयाचे, मग रात्रीं खिडकीबाहेर पंचरंगी दोरे टांगून चांदण्यांत त्यांचे रंग ओळखावयाचे. हें सर्व बिनचूक जमल्यावर तो माणसांकडे वळे, आणि तेंहि रात्रीं, दोन पलित्यांच्या उजेडांत. उत्तरेंत पेकिंग येथें (तेव्हांचें पैपिंग) सम्राटाचा मुलगा चू ती याचा अंमल होता. त्यानें युआन कुंगला बोलावून आणलें आणि त्याची परीक्षा पाहण्यासाठीं आपल्यासारख्याच दिसणाऱ्या नऊ शिपायांबरोबर शिपायाच्याच वेषांत तो एका गुत्त्यांत जाऊन बसला. युआन कुंग आंत आला व थेट त्याच्यापुढें गुडघे टेकून, राजपुत्रानें इतकें बेफिकीर असूं नये, असें म्हणाला. वाड्यांत नेल्यावर त्यानें सांगितलें कीं, चाळिसाव्या वर्षीं दाढी बेंबीखालीं उतरली म्हणजे आपण सम्राट व्हाल.

तेव्हां नानकिंगच्या गादीवर चू तीचा पुतण्या बसलेला होता. काकावर नजर ठेवण्यासाठीं त्यानें आपले अधिकारी पेकिंगला पाठविले होते. चू तीनें त्यांना मेजवानी दिली आणि युआन कुंगचा मुलगा युआन चुंगचे याला त्यांचे चेहरे पाहावयास लावलें. त्याचा निर्णय असा झाला : एकाचा चेहरा चौकोनी, पण चाल सापासारखी, दुसरा अकालीं सुटलेला व धापा टाकणारा, तिसऱ्याचीं गालाचीं हाडें कानशिलांत घुसलेलीं, चौथ्याची शरीरयष्टि ठेंगणी व आवाज मोठा. सारे जल्लादाच्या हातून मरणार. राजपुत्राला फार आनंद झाला व बंड करण्याचा त्याचा निश्चय पक्का झाला. १३९९ सालीं बंड झालें आणि त्यांतील दोघांना प्रथमच पकडून मारण्यांत आलें. मारणारा कोण? भविष्य विचारणाराच! अशा भविष्याला चुकण्याची वाट कोठें राहिली?

युद्ध चालूच होतें, तेव्हां १४०० सालीं नानकिंगच्या दरबारांत राज्याची सर्वोच्च परीक्षा झाली. वांग केन नांवाच्या विद्वानाचा निबंध पहिला आला. परंतु तो दिसावयास कुरूप होता. दुसरा उमेदवार हू क्वांग हा त्याच्याच गांवाकडचा. त्यानें आपल्या निबंधांत उद्दाम राजपुत्रांविरुद्ध चार वाक्यें घातलीं होतीं, तीं सम्राटाला आवडलीं. पहिला क्रमांक हू क्वांगला मिळाला व वांग केन दुसरा झाला. सम्राटानें हूला ‘चिंग’, म्हणजे शांतता प्रस्थापित करणारा, असें नवें नांवहि दिलें.

१४०२ च्या उन्हाळ्यांत चू तीचें सैन्य नानकिंगच्या तटाशीं आलें. शहर पडण्याच्या आदल्या रात्रीं हू, वांग व त्यांचा गांवबंधु शिए चिन हे शेजारी वू पू याच्या घरीं जमले. शिए चिन निष्ठेवर सुंदर बोलला. हू तर आवेशानें थरथरत होता. वांग केन कांहींच बोलला नाहीं; तो नुसता रडत होता. मंडळी उठून गेल्यावर वू पूचा दहाअकरा वर्षांचा मुलगा बापाला म्हणाला कीं, हूकाका राजासाठीं प्राण देतील, केवढी मोठी गोष्ट! बापानें मान हलविली. प्राण देईल तो एकटा वांगकाका, असें तो म्हणाला. इतक्यांत भिंतीपलीकडून हूचा आवाज ऐकूं आला. बाहेर फार गडबड आहे, डुकराकडे नीट लक्ष ठेवा, असें तो घरांतल्या माणसांना बजावीत होता. ज्याला डुक्कर सोडवत नाहीं, तो जीव काय सोडणार, असें वू पू मुलाला म्हणाला. थोड्याच वेळानें वांग केनच्या घरांतून रडण्याचा आवाज आला. त्यानें विष घेतलें होतें.

चू ती सम्राट झाला, तेव्हां हू व शिए चिन दोघेहि त्याच्या स्वागताला हजर होते. हूला नव्या दरबारांत मोठी जागा मिळाली व ती त्याच्याकडे १४१८ सालीं मरेपर्यंत राहिली. तेथें रुजू झाल्यावर त्यानें जुन्या सम्राटानें दिलेलें ‘चिंग’ हें नांव टाकून आपलें मूळचें नांव पुन्हां लावावयास सुरुवात केली.